रेकॉर्ड-शंका : १९६०च्या दशकातली हरवलेली गाणी आणि त्यांची संकलनं

गेल्या काही महिन्यांत सॉफ्ट सायकेडेलिक आणि बरोक पॉप या दोन प्रवाहांविषयी बरेच प्रश्न आले. १९६६ ते १९६९ या काळात इंग्लंड-अमेरिकेत निघालेली ही गाणी. गिटार-ड्रम्सच्या जोडीला हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं, पण तार छेडून वाजणारं जुनं वाद्य), चेलो, ओबो, फ्रेंच हॉर्न, आणि त्यावर एकात एक गुंफलेले गाणाऱ्यांचे आवाज. त्यातलं फार थोडं गाजलं. बाकीचं आज संकलनांमधूनच ऐकायला मिळतं. आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : बीटल्स, बीच बॉइज, झोम्बीज ठाऊक आहेत. पण ज्यांचं एखादंच सिंगल (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) निघालं आणि तेही पडलं, अशा बँडच्या गाण्यांचे तीन-तीन, चार-चार सीडींचे संच लोक का जमवतात? तेव्हा न चाललेलं गाणं आता ऐकण्यासारखं कसं होतं? (पुणे)

उत्तर : गाणं पडलं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता की ते रेडिओवर वाजलं नाही. दर आठवड्याला ढिगाने सिंगल्स निघत आणि वाजवायला जागा मोजकी असे. ब्रिटनमध्ये तर ऐन बहराच्या वेळी ती जागा आणखी आक्रसली. समुद्रात जहाजं उभी करून प्रसारण करणारी खासगी केंद्रं ऑगस्ट १९६७च्या कायद्याने जवळपास सगळी बंद पडली, आणि बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं ते ३० सप्टेंबरला. नव्या, अनोळखी बँडना जे दार उघडं होतं ते मिटलं. त्या सुमाराला निघालेली कितीतरी सिंगल्स कुणी नापसंत करण्याइतकीही ऐकली नव्हती.

गाणी बनवण्यात मात्र हयगय झालेली नव्हती. १९६६ साली बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' आला आणि बीटल्सचं 'एलिनॉर रिग्बी' आलं. त्यात चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढीच वाद्यं आहेत, गिटार नाही, ड्रम्स नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लेफ्ट बँकचं 'वॉक अवे रने' अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा मुख्य रचनाकार मायकल ब्राउन तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता, आणि हार्पसिकॉर्ड, तंतुवाद्यं व मधल्या जागेतली आल्टो बासरी यांवर ते गाणं उभं आहे. हे पाहून प्रत्येक कंपनीने आपल्या पदरच्या अरेंजरना, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ लिहिणाऱ्यांना, कामाला लावलं. शास्त्रीय वाद्यवृंदात मुरलेले वादक दिवसभरासाठी बोलावले जात, नोटेशन समोर ठेवलं जाई, आणि अडीच मिनिटांच्या गाण्यात एवढं काम भरलं जाई की ते पहिल्या ऐकण्यात पुरतं कानात उतरत नाही. खरी गोडी तिथे आहे. चाल साधी आणि उदास, आणि तिच्यामागे चेलो स्वतःची वेगळीच चाल गात असतो.

'सॅजिटेरियस'चं 'माय वर्ल्ड फेल डाउन' (१९६७) पाहा. सॅजिटेरियस हा बँड नव्हता. निर्माता गॅरी अशर याने स्टुडिओत उभा केलेला तो घाट होता आणि मुख्य आवाज ग्लेन कॅम्पबेलचा. गाणं अमेरिकेत सत्तराव्या क्रमांकावर अडकलं आणि विसरलं गेलं. लेनी केने १९७२मध्ये इलेक्ट्रा कंपनीसाठी 'नगेट्स' हा सत्तावीस गाण्यांचा दुहेरी एलपी निवडला, त्यात ते घेतलं. पुढच्या पिढीला ते माहीत झालं ते त्या निवडीमुळे.

या बँडपैकी बहुतेकांकडे खरोखर उत्तम असं एकच गाणं होतं. त्यांचा अख्खा एलपी ऐकायला घेतला तर निराशा होते. ते एक गाणं नेमकं उचलून योग्य शेजारात ठेवणं हे संकलकाचं काम, आणि म्हणून आम्ही संकलकाचं नाव पाहून खरेदी करायला सांगतो. दुर्मीळ आहे म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. 'जगात पाचच प्रती' अशी जाहिरात करणारी पण कोण, कुठे, कधी याबद्दल गप्प राहणारी संकलनं आम्हाला निरुपयोगी वाटतात.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी? (संभाजीनगर)

उत्तर : 'नगेट्स'पासून सगळे सुरुवात करतात, पण तुम्हाला मुलायम बाजू हवी असेल तर ती वाट थोडी लांबची आहे. १९७२चा मूळ संच आणि ऱ्हायनो कंपनीने १९९८मध्ये काढलेला ११८ गाण्यांचा चार सीडींचा संच, दोन्हींत गॅरेज रॉकचा, म्हणजे हौशी बँडच्या खरखरीत, जोरकस रॉकचा भर जास्त आहे. हार्पसिकॉर्ड शोधत असाल तर निम्म्या वेळी मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची फझ गिटारच सापडेल.

अमेरिकी बाजूसाठी ऱ्हायनो हँडमेडचं 'कम टू द सनशाइन' (२००४) घ्या. वॉर्नर समूहाच्या कपाटातली ही गाणी मूळ टेपवरून घेतलेली आहेत. ब्रिटिश बाजूसाठी बॉब स्टॅन्लीने निवडलेलं 'टी अँड सिम्फनी' घ्या. एस कंपनीने २०२०मध्ये काढलेली त्याची आवृत्ती सहज मिळते. तंतुवाद्यं, पाऊस, रविवारची दुपार असा एकच भाव त्यात शेवटपर्यंत टिकतो, आणि आमच्या मते पहिल्या खरेदीसाठी याहून चांगली निवड नाही. मग १९८४ पासून फिल स्मी यांनी काढलेली 'रबल' मालिका आणि चेरी रेड कंपनीच्या ग्रेपफ्रूट विभागाचे तीन-तीन सीडींचे संच. हे संच ऐतिहासिक नोंद म्हणून अमूल्य आहेत, पण त्यात सामान्य गाणीही असणारच. एका बैठकीत दहा-बारा गाणीच ऐका. सलग तीन सीडी लावल्या तर सगळी हार्पसिकॉर्डं सारखी वाटू लागतात.

संकलनाबाहेरचे दोन एलपी लवकर ऐका : झोम्बीजचा 'ओडेसी अँड ऑरॅकल' आणि कर्ट बेचरच्या मिलेनियमचा 'बिगिन'. दोन्ही १९६८चे. या दोन टोकांच्या मध्ये बाकीचं सगळं बसतं.

प्रश्न : गाण्यातलं वाद्य खरं हार्पसिकॉर्ड आहे की दुसरं काही, हे कानाने कसं ओळखायचं? मेलोट्रॉन आणि खरी तंतुवाद्यं यांतही गोंधळ होतो. (कोल्हापूर)

उत्तर : हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी जोरात दाबा वा हलकी, आवाजाची पातळी जवळपास तीच राहते. म्हणून वादक जोर दाखवण्यासाठी जास्त स्वर भरतो, सूर तुटक वाजवतो किंवा छोट्या मुरक्या घेतो. पट्टी सोडताना छेडणारा तुकडा तारेवरून परत खाली येतो, त्याचा बारीक 'टिक' शांत जागी ऐकू येतो. तो ऐकला की शंका उरत नाही.

हातोड्यांना टाचण्या मारलेला पियानो बराच जवळचा वाटतो, पण त्यात जोराचा फरक ऐकू येतो. तिसरा प्रकार टेपचा. बीटल्सच्या 'इन माय लाइफ'मधला (१९६५) एकल तुकडा त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पियानोवरच वाजवला, पण टेप निम्म्या वेगाने फिरवून आणि एक सप्तक खाली. पूर्ण वेगाने लावल्यावर सूर सप्तकभर वर गेले आणि प्रत्येक सुराचा विरण्याचा काळ निम्मा झाला, त्यामुळे तो हार्पसिकॉर्डसारखा लागतो. अशा ठिकाणी स्वर फारच चटकन विझतो आणि द्रुत जागा माणसाच्या बोटांना अवघड वाटेल इतक्या सफाईने येतात.

मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा स्वतंत्र तुकडा असतो. त्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिन-समूहाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला. ती टेप साधारण आठ सेकंद चालते, मग संपते. म्हणून मेलोट्रॉनचा सूर फार लांबत नाही आणि वादक आठ सेकंदांच्या आत पट्टी सोडून पुन्हा धरतो. सूर किंचित थरथरतो, दोन सुरांमध्ये मींड नसते, आणि एकाच सुराची सुरुवात दर वेळी तंतोतंत तशीच येते. खरे व्हायोलिनवादक दर वेळी गज थोडा वेगळा फिरवतात. 'ओडेसी अँड ऑरॅकल'वर मेलोट्रॉन भरपूर आहे, कारण सीबीएस कंपनीने दिलेल्या सुमारे हजार पौंडांत वाद्यवृंद परवडणारा नव्हता. त्या गाण्यांना जो धूसरपणा आहे त्यातला बराचसा या काटकसरीतून आला.

गाणं मध्येच भोवऱ्यात ओढल्यासारखं वाटतं तो परिणाम फेझिंगचा. तेच ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर चालवून एकाचा वेग अगदी किंचित बदलतात. दोन आवाजांतलं अंतर मिलिसेकंदांत सरकतं आणि काही कंपनं एकमेकांना खोडतात. कोणती खोडली जातात ते क्षणोक्षणी बदलत राहतं. स्मॉल फेसेसच्या 'इचिकू पार्क'मध्ये (१९६७) ड्रम्सवर ते अगदी स्पष्ट ऐकू येतं.

प्रश्न : एकच गाणं दोन संकलनांत वेगळं का ऐकू येतं? एकात तर मधला तुकडाच नाही. (ठाणे)

उत्तर : सिंगलसाठी आणि एलपीसाठी मिश्रणं, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या नि आवाजांच्या अंतिम जुळण्या, वेगळी होत. 'माय वर्ल्ड फेल डाउन'च्या सिंगलमध्ये मध्यावर आवाजांच्या तुकड्यांचं एक विचित्र जोडकाम आहे. १९६८च्या 'प्रेझेंट टेन्स' एलपीवरून ते काढून टाकलं. संकलकाने एलपीची टेप वापरली तर गाण्यातलं सगळ्यात धाडसी अर्धं मिनिटच गायब होतं. पुस्तिकेत 'मोनो सिंगल' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते म्हणून पाहायचं.

मोनोचा, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या मिश्रणाचा, आग्रह आम्हीही धरतो. त्या वर्षांत सिंगल रेडिओवर आणि छोट्या स्पीकरवर वाजणार हे गृहीत धरून निर्माते वेळ घालवत ते मोनो मिश्रणावर. स्टिरिओ बऱ्याचदा नंतर घाईत होई : गायक एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या.

घरी तपासायचं असेल तर ध्वनिसंपादनाच्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा, डावी-उजवी वाहिनी वेगळी करा, एक उलटी करा आणि दोन्ही मिळवा. पूर्ण शांतता आली तर फाइल शुद्ध मोनो आहे. फक्त खरखर आणि टिकटिक उरली तर ते जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं आहे आणि दोन वाहिन्या एकत्र केलेल्या नाहीत. गाणंच उरलं तर ते स्टिरिओ आहे, खरं किंवा बनावट. बनावट स्टिरिओत मोनो गाण्याचे खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून वर थोडा विलंब दिलेला असतो. ते मोनोत ऐकलं की आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. अशी आवृत्ती घेऊ नका, ती सुधारता येत नाही.

अनधिकृत संकलनांत आणखी एक दोष असतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातली कंपनं दाखवणाऱ्या आलेखात) १६ किलोहर्ट्झला भिंत घातल्यासारखा आवाज तुटला असेल तर मूळ फाइल कमी दर्जाची एमपी३ होती. झिजलेल्या रेकॉर्डवरही वरचा भाग कमीच असतो, पण तो हळूहळू उतरत जातो, एका रेषेत कापला जात नाही.

रेकॉर्डवरून घेतलेलं म्हणजे वाईटच, असं मात्र मानू नका. अनेक छोट्या कंपन्यांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या किंवा हरवल्या. जून २००८मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मास्टर टेपांचा मोठा साठाही जळाला. चांगली प्रत शोधून ती नीट उतरवणं एवढाच पर्याय कित्येक गाण्यांना उरला आहे. जबाबदार संकलक हे पुस्तिकेत लिहितो.

प्रश्न : परदेशातल्या नातेवाइकांकडून त्या काळची काही मोनो सिंगल्स मिळाली आहेत. ती संगणकावर कशी उतरवावीत? (नागपूर)

उत्तर : आधी प्रत्येक प्रत कशाची आहे ते पाहा. अमेरिकेत बरीच सिंगल्स व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनची काढली जात. ती हलकी असतात, नखाने टिचकी मारली तर टणत्कार येतो, आणि लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. ती लवकर झिजतात आणि ठिसूळ असतात. सुई टेकवून हाताने मागेपुढे फिरवू नका, गोल टोकाची सुई वापरा, आणि वाजवायची ती उतरवण्यासाठीच, एकदा-दोनदा.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात रेकॉर्डसाठी मिळणाऱ्या द्रवाचे सांगितलेलेच थेंब. खाचेच्या दिशेने मऊ ब्रश फिरवा, लेबल कोरडं ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्यांदा पुसा आणि उभं ठेवून पूर्ण वाळू द्या. ओल्या खाचेत सुई टेकवली तर सुटलेली घाण तिथेच बसते.

मोनो खाचेसाठी २५ मायक्रॉनची गोल सुई योग्य. साधारण स्टिरिओ सुई १८ मायक्रॉनची असते आणि खाचेत जास्त खोल उतरते. आधीच्या वाजवण्याने तिथेच झीज झालेली असेल तर २५ची सुई वरच्या, कोऱ्या भागावर चालते आणि आवाज एकदम स्वच्छ होतो. म्हणून दोन्ही लावून पाहा. सुईचं वजन कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) सांगितलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाकडे ठेवा. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

ध्वनिमुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोन्ही वाहिन्या वेगळ्या ठेवूनच उतरवा आणि ती मूळ फाइल जपून ठेवा. मोठे टिकटिक आवाज याच टप्प्यावर हाताने काढा. मग एक वाहिनी उलटी करून दोन्ही मिळवा आणि गाणं कमीत कमी ऐकू येईल अशा बेताने एका वाहिनीची पातळी आणि गरज पडल्यास वेळ एखाद्या सॅम्पलने सरकवा. तो बिंदू सापडला की उलटलेली वाहिनी सरळ करा आणि बेरीज करा. खरखर साधारण ३ डेसिबलने उतरते. ही जुळणी न करता थेट बेरीज केली तर वरचे सूर एकमेकांना खोडतात, आणि हार्पसिकॉर्डची धार जाते. एका बाजूची खाच फारच खराब असेल तर बेरीज नको, चांगली वाहिनी एकटी घ्या.

आवाज-शमन अगदी थोडं, किंवा नाहीच. जास्त दाबलं की गाण्याच्या शेवटी विरणारी गूंज पाण्याखाली गेल्यासारखी होते. शेवटी वेग : टर्नटेबल एक टक्का जलद असेल तर सूर साधारण १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, तेव्हा स्ट्रोबने, म्हणजे वेग दाखवणाऱ्या खुणांच्या चकतीने, तपासा. पण गाणं प्रमाण स्वराशी जुळवायला जाऊ नका. त्या काळी टेपचा वेग मुद्दाम बदलून मिश्रण केलं जाई, दोन पट्ट्यांच्या मधला सूर हा बऱ्याचदा मूळचाच असतो.

प्रश्न : पावसाळ्यात कव्हरांवर आणि सीडीच्या पुस्तिकांवर बुरशी येते. (रत्नागिरी)

उत्तर : आतली कागदी पाकिटं ओलावा धरतात, ती काढून पॉलिथिनचं अस्तर असलेली घाला. भिंतीला लागून असलेलं कपाट थोडं पुढे ओढा, रेकॉर्ड उभ्या ठेवा, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. पुस्तिका सीडीच्या डबीतून काढून सपाट, कोरड्या डब्यात ठेवा. चकचकीत पानं एकदा ओलसर होऊन चिकटली की सुटत नाहीत, ओढली तर छपाईसकट फाटतात.

प्रश्न : ही गाणी आता साठ वर्षांची झाली. ती इंटरनेटवर टाकता येतील का? (मुंबई)

उत्तर : भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं चालतो. १९६५ साली निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा तो २०२५च्या अखेरीस संपतो, १९६७च्या ध्वनिमुद्रणाचा २०२७च्या अखेरीस. पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. यांतले बरेच रचनाकार तेव्हा विशी-पंचविशीत होते. युरोपात १९६३ पासूनच्या ध्वनिमुद्रणांची मुदत सत्तर वर्षं आहे आणि अमेरिकेत १९५७ पासूनच्या आणि फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना २०६७पर्यंत संरक्षण आहे. इंटरनेटवर टाकलेलं तिकडेही ऐकलं जातं. तेव्हा परवानगीशिवाय टाकू नका.

प्रश्न : आपल्याकडे या धाटणीचं काही झालं का? (मडगाव)

उत्तर : थेट बँड म्हणाल तर 'सिमला बीट'. 'सिमला' या सिगारेटच्या ब्रँडने भरवलेल्या अखिल भारतीय बीट-स्पर्धेतल्या बँडचे १९७० आणि १९७१चे एलपी निघाले, आणि पुढे परदेशातल्या संग्राहकांनी ते शोधून पुन्हा बाजारात आणले. मात्र ती गाणी गॅरेज रॉकच्या जवळची आहेत. मुलायम, वाद्यवृंदाचा बाज तिथे शोधू नका.

दुसरा धागा मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओचा. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने तिथे भारतीय वादकांबरोबर 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला, आवाज पुढच्या महिन्यात लंडनमध्ये चढवला, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं.

कानाला खरं नातं जाणवतं ते मात्र हिंदी चित्रपटसंगीतात. सलिल चौधरींनी 'छाया'साठी (१९६१) मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीच्या सुरुवातीवर गाणं बांधलं, हे बरोक पॉपचा बोलबाला व्हायच्या कितीतरी आधीचं. आणि तुमच्या मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा हे गायकाच्या ओळीमागे व्हायोलिन-चेलोची स्वतंत्र चाल लिहीत. लेफ्ट बँक ऐकताना गोव्याच्या-मुंबईच्या श्रोत्याला अनोळखी वाटत नाही, त्याचं एक कारण हे असावं.

प्रश्न : जुनी, वापरलेली सीडी घेताना काय पाहावं? (सांगली)

उत्तर : पुस्तिका आहे का ते पहिलं. या प्रकारात निम्मी किंमत तिचीच असते. प्रत्येक गाण्यापुढे मूळ कंपनी, सिंगलचा क्रमांक, साल, रचनाकार आणि मोनो-स्टिरिओची नोंद हवी. सीडीची मागची बाजू निळसर-हिरवट दिसली तर ती बहुधा घरी लिहिलेली सीडी-आर आहे. विकणाऱ्याकडून आतल्या कड्यावरच्या क्रमांकाचा फोटो मागवा आणि त्या आवृत्तीच्या नोंदीशी जुळवा. पुस्तिका नसलेली प्रत निम्म्या किमतीत मिळाली तरी आम्ही घेणार नाही.